पाच तुकड्यांची चौकट

१

ठाकोरभाईंच्या फ्रेमच्या कारखान्याचं शटर सकाळी नऊला वर जायचं आणि पुढचा अर्धा तास तिथे कोणी कोणाशी फारसं बोलायचं नाही. सुरतेतल्या लिंबायतच्या त्या गल्लीत दोन्ही बाजूंनी कापड विणणाऱ्या लूमची खटखट चालू असते. तिच्यावर आवाज चढवायचा तर आधी पोटात चहा हवा. सुकदेव मिस्त्री मशीनखालचा भुसा पायाने सरकवायचा, पात्यावर टाकलेलं गोणपाट काढून घडी करायचा आणि डाव्या हाताची उरलेली तीन बोटं टेबलाच्या लोखंडावरून एकदा फिरवायचा. मशीन तरी काय, लोखंडी टेबल, मधल्या फटीतून वर आलेलं गोल पातं आणि खाली मोटर. लोखंड गार आहे की तापलंय हे त्या बोटांना कळायचं नाही. सवय म्हणून फिरवायचा, झालं.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दोन वर्षांपूर्वी ह्याच पात्याने नेलं होतं. फ्रेमच्या पट्टीचं टोक तिरकं कापताना सुकदेव लाकूड नुसत्या हाताने धरायचा. वीस वर्षं धरत आला होता. एका पट्टीत गाठ निघाली, पट्टी उडाली आणि हात पुढे गेला. जखम भरली. बधिरपणा हळूहळू जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. तो गेला तर नाहीच, उलट हातातून वर चढत गेला.

वडील गेल्याची तार आली तेव्हा सुकदेवने फक्त अमळनेरच्या गाडीची वेळ विचारली. चंचल, त्याची एकुलती एक मुलगी, चौथीत वर्गात पहिली आली आणि निकालाचा कागद नाचवत घरी आली, तेव्हा तो "बरं" म्हणाला. तिने कागद घडी करून दप्तरात ठेवला. त्याला हे दिसलं होतं, समजलंही होतं. आत मात्र काही हललं नाही. "तुम्हना हात बरा व्हई गया, पन तुम्ही लाकूड व्हई गयात," असं त्याची बायको शोभा एकदा म्हणाली. भांडून नाही, भाकरी थापता थापता म्हणाली.

२

ठाकोरभाई मनाचे वाईट नव्हते, फक्त सावकाश होते. शहाण्णव सालच्या चैत्रात, म्हणजे बोटं जाऊन दोन वर्षं झाल्यावर, त्यांनी मशीनसाठी गेज आणलं. मशीनबरोबर आलेलं मूळचं गेज कधीच हरवलं होतं. हे दुसऱ्याच कुठल्या कंपनीचं होतं. कुठल्याही मशीनला बसतं, असं हार्डवेअरवाल्याने सांगितलं होतं. अर्धगोल डोकं, त्यावर अंशांच्या रेघा, मागे मूठ आणि खाली हातभर लोखंडी दांडी. दांडी टेबलातल्या खाचेत बसवायची, लाकूड डोक्याला टेकवायचं आणि मूठ धरून सगळंच पुढे ढकलायचं. हात पात्यापासून वीतभर लांब राहतो.

"दोन साल उशिरा उनं, भाऊ, हाई," दगा म्हणाला. दगा फ्रेमला पॉलिश मारायचा आणि दिवसातून एकदा तरी कोणाच्या वर्मावर बोट ठेवायचा.

कुठल्याही मशीनला बसतं म्हणजे कुठल्याच मशीनला नीट बसत नाही. दांडी खाचेत जराशी हलायची. आता जरासं म्हणजे किती, तर पोस्टकार्डाच्या जाडीएवढं. पण फ्रेमच्या धंद्यात तेवढं पुरतं. चारही पट्ट्यांची टोकं पंचेचाळीस अंशात कापायची असतात, म्हणजे दोन टोकं मिळून काटकोन होतो. प्रत्येक टोकाला केसभर चूक झाली तर तीन कोपरे जुळतात आणि चौथा तोंड उघडून बसतो. मग दगाने त्यात भुसा आणि सरस भरायचा आणि वरून पॉलिश मारून गिऱ्हाइकाला फसवायचं.

सुकदेवने गेज सुधारायला घेतलं. दांडीच्या कडेला पंचने ओळीने टोचे मारले. टोच्याभोवती लोखंड किंचित उसळतं आणि तेवढ्याने ढिलाई भरून निघते. जास्त झालं तिथे कानस फिरवली. डोक्यावर दोन फूट लांबीची सागाची फळी स्क्रूने आवळली, म्हणजे लाकडाला टेकायला जागा झाली. फळीला काचपेपर चिकटवला, म्हणजे पट्टी घसरायची नाही. टोकाला एक ठोकळा लावला, म्हणजे प्रत्येक तुकडा मापात. अंशांच्या रेघांवर मात्र त्याने विश्वास ठेवला नाही. दोन तुकडे कापायचे, जोडायचे, कोपऱ्याला काटकोन तपासायचा गुण्या लावून उजेडाकडे धरायचं, फटीतून उजेड दिसला की डोक्याला हातोडीने हलकीच टिचकी द्यायची. असे दहा दिवस गेले. त्याला यात गोडी वाटत होती असं म्हणवत नाही. पण वेळ जात होता, आणि त्या दोन वर्षांत वेळ जाणं हीच मोठी गोष्ट होती.

अकराव्या दिवशी दुपारी त्याने शेवटची टिचकी मारली आणि गेज पुढे ढकललं. खाचेतून सरकताना दांडीचा रोजचा खरखर आवाज आला नाही. कसलाच आवाज आला नाही. कापलेलं टोक टेबलावर पडलं, टक. आणि मग आणखी एकदा टक झालं. बारीक आवाज, मागच्या भिंतीच्या पलीकडून आल्यासारखा. त्या भिंतीच्या पलीकडे गटार होतं.

त्याने गुण्या लावला. उजेड दिसला नाही.

३

पुढच्या आठवड्यात चाळीस फ्रेमची ऑर्डर होती. लग्नसराईत भिंतीवरचे आरसे खपतात, त्यांच्या चौकटी. चाळीस चोक एकशेसाठ. सुकदेवने एकशेसाठ तुकडे कापले, जोडले, खिळे मारून दगाकडे सरकवले. बत्तिसावी फ्रेम झाली आणि तुकडे संपले.

संध्याकाळी ठाकोरभाई ढिगापाशी येऊन उभे राहिले. "सुकदेवभाई, आठ फ्रेमनुं लाकडुं क्यां गयुं?"

"वाया गेलं असेल," सुकदेव म्हणाला.

"केटलुं?" ठाकोरभाईंनी टेबलाखाली वाकून पाहिलं. वाया गेलेल्या तुकड्यांची टोपली निम्मीसुद्धा भरली नव्हती. ते रागावले नाहीत, नुसते टोपलीकडे बघत राहिले. प्रामाणिक माणसाबद्दल शंका आली की ती बोलून दाखवणं त्यांना जड जायचं. सुकदेवला आता दुसरीकडे काम कोण देणार हेही त्यांना ठाऊक होतं.

ते गेल्यावर सुकदेवने वरची एक फ्रेम उचलून टेबलावर ठेवली आणि तिचे तुकडे मोजले. फ्रेमच्या बाजू कोण मोजतं? तुम्ही तरी मोजल्यात कधी? त्यानेही वीस वर्षांत मोजल्या नव्हत्या.

पाच होत्या.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी खडू घेऊन त्याने प्रत्येक तुकड्यावर आकडा घातला. एक, दोन, तीन, चार, पाच. एकेका कोपऱ्याला गुण्या लावला. पाचही कोपरे काटकोनात होते. सुकदेव सातवीपर्यंत शिकला होता आणि त्यातलं बरंचसं विसरलाही होता. पण काटकोनाच्या चार कोपऱ्यांतच चौकट बंद होते, पाचव्याला जागाच उरत नाही, हे कळायला शाळा लागत नाही. सुताराच्या हाताला ते माहीत असतं.

मागे सरकून पाहिलं तर चौकट चौकोनीच दिसत होती. सरळ, नीटस, वाण्याने पुडी बांधावी तशी. नजर तिसऱ्या तुकड्यावरून चौथ्यावर जाताना मात्र मधेच कुठेतरी निसटायची, आणि माणूस डुलकीतून जागा व्हावा तशी पाचव्यावर येऊन उभी राहायची.

आपल्यालाच काहीतरी झालंय, असं त्याने ठरवलं. तो दगाला हाक मारून म्हणाला, "जरा मोज बरं हे."

दगाने बिडी कानामागे अडकवली आणि बोट ठेवत मोजलं. "एक, दोन, तीन, चार, पाच. बरं, मंग?"

"मंग काय? पाच कशा?"

"कोपरा बंद शेतस ना? माले भुसा भरना पडस नही. मी ते खूश शे." आणि तो परत पॉलिशकडे गेला.

काचवाल्याने आरसे चौकोनीच कापले होते. ते चौकटींत बसले. गिऱ्हाईक येऊन बत्तीस फ्रेम घेऊन गेलं आणि कोणाचीही तक्रार आली नाही. उरलेल्या आठसाठी ठाकोरभाईंनी वेगळं लाकूड आणून दिलं. सुकदेवने चाळीस तुकडे कापले आणि गुपचूप आठ फ्रेम बनवल्या. त्याला भीती वाटायला हवी होती. ती कुठे असायला हवी होती ती जागाही त्याला माहीत होती, छातीच्या जरा खाली. तिथे काहीच नव्हतं.

प्रत्येक कापाला ते दुसरं टक मात्र येत होतं. आता ते जरा लांबून यायचं.

५

त्याची खोली कारखान्यापासून पाच मिनिटांवर होती. दहा बाय बाराची, वर पत्रा, चाळीतल्या बाकीच्या अकरा खोल्यांसारखीच. अशा खोलीत भिंत ही फार कामाची गोष्ट असते. दाराच्या भिंतीला पाण्याचे हंडे, तिच्या उजवीकडे स्टोव्ह आणि भांड्यांची मांडणी, समोर पलंग आणि त्यावर कपड्यांची दोरी, डावीकडे देवाचे फोटो, कॅलेंडर, चंचलचं दप्तर. खिळा मारायला बोटभर जागा उरत नाही.

"तठे एक खिया ठोकी द्या ना," एका संध्याकाळी शोभा म्हणाली. "पंखा टांगता ई. ती भीत रिकामीच पडेल शे."

सुकदेवने हातोडी घेतली, वळला आणि थांबला. पलंगाची भिंत आणि देवांची भिंत यांच्यामध्ये एक कोरी भिंत होती. निळा चुना मारलेली. एक खिळा नाही, टेकलेल्या डोक्यांचे तेलकट डाग नाहीत, काही नाही. अकरा वर्षं ते त्या खोलीत राहत होते.

तो बाहेर जाऊन खोलीला वळसा घालून आला. बाहेरून सगळं नेहमीसारखं होतं, शेजारच्या खोलीची भिंत, मागे गटार. आत येऊन त्याने बोट दाखवत मोजलं. दार, स्टोव्ह, पलंग, कोरी, देव. गुण्या नव्हता. त्याने चंचलची वही कोपऱ्यात दाबून पाहिली. वहीची कड दोन्हीकडे तंतोतंत टेकली.

"शोभा, ही भीत आधी होती का?"

"भीत ते भीत शे. तीमा काय इचारानं?" ती म्हणाली. तिला खरंच प्रश्न पडला नव्हता.

त्याने डावा हात भिंतीला लावला. तीन बोटांना काही कळलं नाही. बाकीच्या दोघांना कळलं. जी बोटं दोन वर्षांपूर्वी भुशात पडून काळी झाली होती, त्यांना चुन्याचा खरखरीतपणा लागला, चुन्यातल्या रेतीचा एकेक कण लागला, ओल लागली. आणि पाठोपाठ सगळंच आलं. बापाचं तोंड आलं. घडी होऊन दप्तरात गेलेला निकालाचा कागद आला. शोभा बघत असेल म्हणून त्याने तोंड फिरवलं, आणि हात काढल्याबरोबर सगळं थांबलं.

खिळा त्याने मारला नाही. चुना कच्चा आहे म्हणाला.

६

आता इथे त्याच्या बाजूने काही बोलावं तर बोलता येतं. दोन वर्षं ज्याला काही जाणवलं नाही, त्याला एका जागी जाणवायला लागलं, तर तो तिथे जाणारच. सुकदेव रोज कामावरून आला की त्या भिंतीला हात लावून बसायचा. कधी रडायचा, कधी नुसतं शोभाकडे बघायचा आणि ती केवढी थकलीय हे त्याला कळायचं. गेजची दांडी सैल केली की हे सगळं जाईल, हे त्याच्या मनाने केव्हाच ओळखलं होतं. ते का, हे त्याला सांगता आलं नसतं. पण ज्या हाताने बसवलं त्या हाताला कळतं. तो रोज कारखान्यात जात होता आणि रोज दांडीला हात लावत नव्हता.

पण त्या भिंतीपाशी तो एकटाच बसत नव्हता.

वैशाख तापला होता, पत्र्याची खोली भट्टी झाली होती आणि चंचलला सुट्टी होती. "बाबा, आठे गार लागस," ती म्हणायची आणि दिवसभर कोऱ्या भिंतीला पाठ लावून बसायची. तिथेच जेवायची, तिथेच झोपायची. मावसबहिणीच्या लग्नासाठी शोभाने तिला नवा फ्रॉक आणला. चंचलने तो बघितला आणि म्हणाली, "बरं."

शोभाचा हात फ्रॉकवरच थांबला. तिने सुकदेवकडे पाहिलं आणि फ्रॉकची घडी केली.

चार दिवसांनी चंचल उकळता चहा असलेला पितळी पेला उजव्या हातात धरून बसलेली दिसली. शोभाने तो हिसकावला तेव्हा अंगठ्याला टम्म फोड आला होता. "मला नाही लागलं," चंचल म्हणाली. शाळेतल्या मराठीत म्हणाली, परक्या माणसाशी बोलावं तशी.

त्या रात्री सुकदेवने भिंतीला हात लावून ठरवलं की उद्या गेज सैल करायचं. हात लावलेला होता म्हणून ठरवता आलं. सकाळी कारखान्यात गेला तेव्हा त्या ठरवण्यात काही जोर उरला नव्हता. उद्या करू म्हणाला. असे तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी दुपारी तो जेवायला घरी आला. शोभा नळावर होती. तिने बळजबरीने बाहेर काढलेली चंचल गल्लीत दोरीवरच्या उड्या मारत होती. तिचा आवाज खिडकीतून येत होता, एकवीस, बावीस, तेवीस, अजिबात न दमलेला. सुकदेवने चप्पल काढली आणि पाणी प्यायच्या आधी भिंतीला हात लावला.

त्याची दोन बोटं कोणीतरी धरली.

छोटा हात होता. गरम, घामेजलेला. घट्ट धरून तो ओढत होता, गर्दीत आईबापाचा हात सुटू नये म्हणून लेकरू ओढतं तसा. बापाला आपल्या मुलीचा हात ओळखायला डोळे लागत नाहीत. आणि इथे तर अंगठ्यावरचा फुटलेला फोडही लागत होता. गल्लीत चंचल मोजत होती, एकतीस, बत्तीस.

सुकदेवने हात ओढून घेतला.

७

दुसऱ्या दिवशी अमास, म्हणजे अमावस्या होती. सुरतेतले सुतार, गवंडी अमासेला हत्याराला हात लावत नाहीत. कारखान्याचं शटर बंद असतं, कारागीर घरी लोळतात. म्हणूनच सुकदेवला तो दिवस बरा वाटला. कोणी बघणारं नव्हतं आणि किल्ली त्याच्याकडेच असायची.

भिंतीला मुलगी हवी आहे, एवढंच त्याला समजलं होतं. ती भिंत बंद करायची, आणि करताना पोर खोलीत नको. सकाळीच तो शोभाला म्हणाला, "चंचलला घेऊन भेस्तानला उषाबाईकडे जाऊन ये. दिवसभर राहा. पोरीला जरा हवा बदल." उषाबाई शोभाची बहीण. तिचा नवरा निंबा रिक्षा चालवायचा, तोच घ्यायला आला.

"आनि तुम्ही?"

"मी घरीच आहे. अमास ना आज."

अमासेला मशीनला हात लावतोय असं सांगितलं असतं तर शोभा जागची हलली नसती. म्हणून तो खोटं बोलला. रिक्षा वळेपर्यंत तो उभा राहिला. मागच्या सीटवर चंचल सरळ बसली होती आणि तिने मागे वळून पाहिलं नाही.

शटर त्याने गुडघ्याएवढंच वर केलं आणि खालून आत शिरला. दिवा न लावता, पत्र्याच्या फटीतून येणाऱ्या उजेडात त्याने गेज खाचेतून काढलं. दांडीच्या कडेचे टोचे कानशीने एकेक करून घासले. सागाची फळी सोडवली, ठोकळा काढला. साडेबाराच्या सुमारास अर्ध्याहून जास्त टोचे निघाले तेव्हा लूमचा आवाज एकदम मोठा झाला, कानातून बोळा निघावा तसा. त्याने मशीन चालू करून चार तुकडे कापले. दांडी खाचेत खरखरली. टोक पडलं, टक. पुढे काही नाही.

चार तुकडे जुळले. तीन कोपरे बरे, चौथ्यात चांगली नखभर फट. ती फट बघून त्याने भुशातच बसकण मारली.

तो घरी आला तेव्हा एक वाजला होता. कुलूप कडीला उघडंच लटकत होतं. सकाळी घाईत आपणच दाबायला विसरलो असू, तो मनात म्हणाला. आत दार, स्टोव्ह, पलंग, देव. पलंगाच्या भिंतीला लागून देवांची भिंत. त्याने दोनदा मोजलं. कोपऱ्यात हात लावला. तीन बोटांना काही कळलं नाही आणि बाकीच्या दोघांनाही काही कळलं नाही. जे गेलं ते गेलं, पण पोर वाचली, असं म्हणून तो पलंगावर आडवा झाला आणि त्याला झोप लागली.

चार वाजता शोभा आली. एकटीच आली. दारात चप्पल काढता काढता तिने विचारलं, "चंचल कोठे शे?"

"तुझ्यासोबत गेली ना?"

"तठे ‘माले गरम लागस, घर जानं’ म्हनीसन हट्ट धरीसन बठेल व्हती. निंबाले इकडलंच भाडं भेटनं. अमासले तुम्ही घरच राहतस, म्हनीसन मी तिले, तरी बी किल्ली दिसन, धाडी दिन्ही. बाराले."

शोभाची चप्पल जिथे निघाली, तिथेच उंबऱ्याला लागून चंचलच्या निळ्या पट्ट्याच्या चपला होत्या. नीट जोडीने काढलेल्या, टाचा बाहेर, तोंड खोलीकडे.

८

शोधायचं ते सगळं शोधून झालं. निंबाने तिला गल्लीच्या तोंडाशी उतरवलं होतं. शेजारच्या सुमनबाईंनी तिला कुलूप उघडताना पाहिलं होतं. बाहेर येताना कोणी पाहिलं नव्हतं. पोलिसांनी गटारात बांबू घालून पाहिले. शोभा आठ दिवस दारात बसली. मग ती भेस्तानला बहिणीकडे गेली आणि तिकडेच राहिली. जाताना ती सुकदेवला एवढंच म्हणाली, "तुम्ही घर नही व्हतात."

त्याला रडू यायला हवं होतं. रडू कुठे आहे हे त्याला माहीत होतं. ते पोरीबरोबर पलीकडे राहिलं होतं, आणि ती तिथे त्याचा हात धरून ओढत होती तेव्हा त्याने तो सोडवून घेतला होता. हे तो स्वतःला शब्दांत सांगू शकत होता. शब्द बरोबर होते. आत काही हलत नव्हतं.

ती भिंत परत यावी म्हणून त्याने गेज पुन्हा बसवायला घेतलं. दांडीला नवे टोचे मारले. तीच सागाची फळी, तेच स्क्रू, नवा काचपेपर, ठोकळा. दोन तुकडे कापायचे, जोडायचे, उजेडाकडे धरायचे, हातोडीची टिचकी. पंधरा दिवसांत त्याने गेज असं बसवलं की कोपऱ्याच्या फटीत सिगारेटचा कागदसुद्धा जाईना. दांडी खाचेत खरखरतच राहिली. त्याने तेल घातलं, मेण चोळलं, दांडी बदलून पाहिली. टोक पडतं, टक, आणि तो हात वर करून थांबतो. लूमची खटखट ऐकू येते.

ठाकोरभाई फ्रेम हातात घेऊन उलटसुलट बघतात. "आवी फ्रेम आखा सुरतमां कोई नथी बनावतुं," ते दगाला म्हणतात. दगाला आता भुसा भरावा लागत नाही. तो सुकदेवशी थट्टा करत नाही.

सुकदेव रोज पाच तुकडे कापतो आणि टेबलावर मांडतो. पहिला दुसऱ्याला लावतो, दुसरा तिसऱ्याला, तिसरा चौथ्याला. सावकाश लावतो, नजर हलू देत नाही, कारण ती निसटली तर जमेल की त्यामुळेच बिघडेल, हे त्याला अजून ठरवता आलेलं नाही. चौथ्याचं टोक पहिल्याला जाऊन टेकतं. कोपरा बंद होतो. गुण्या लावला तर उजेड दिसत नाही. मग पाचवा तुकडा हातात धरून तो बराच वेळ उभा राहतो, आणि दगा पॉलिशचा डबा घेऊन आला की बाजूला होतो.